ग्रीस गन घेण्याआधी निपल मोजा

इंजिन ऑइल बदलायला ट्रॅक्टरवाला सहसा विसरत नाही. तासांचं मीटर डोळ्यांसमोर असतं, ऑइल काळं पडलेलं दिसतं, आणि ते नाही बदललं तर इंजिन बसेल ही भीती असते. ग्रीसिंगचं तसं नाही. पुढच्या एक्सलच्या सेंटर पिनला महिनाभर ग्रीस मिळालं नाही म्हणून ट्रॅक्टर त्या दिवशी बंद पडत नाही. तो नांगरतो, फणतो, ट्रॉली ओढतो. आत मात्र पिन आणि बुश एकमेकांना खात राहतात. मग स्टिअरिंगला खेळ येतो, पुढची चाकं थरथरू लागतात, टायर एका अंगानं झिजतात, आणि ऐन हंगामात मिस्त्री सांगतो की पिन, बुश आणि दोन्ही टाय रॉड बदलावे लागतील. जे काम काही ग्रॅम ग्रीसनं भागलं असतं, त्यासाठी ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहतो.

ग्रीसिंग मागे पडतं ते बहुतेक वेळा माहिती नसते म्हणून नाही, तर काम अडचणीचं असतं म्हणून. दांड्याचा ग्रीस पंप चालवायला दोन हात लागतात आणि नोझल निपलवर धरून ठेवायला तिसरा. एक्सलखाली वाकून, अंगावर माती घेत एकट्या माणसानं हे करायचं म्हटलं की ‘उद्या बघू’ होतं. बॅटरीवर चालणाऱ्या ग्रीस गननं ही अडचण बरीच सोडवली आहे. एका हातानं नोझल धरायचं, दुसऱ्या हातानं बटण दाबायचं. पण ही गन हातपंपाच्या कित्येक पट महाग असते आणि तिच्या पेटीवरचे मोठे आकडे खरेदी करणाऱ्याला भलतीकडे नेतात. म्हणून निवडीची सुरुवात दुकानातून न करता आपल्या ट्रॅक्टरखालून करावी, असं माझं ठाम मत आहे.

ग्रीस सांध्यात काय करतं

ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल. त्यात साधारण ८० ते ९० टक्के तेलच असतं. उरलेल्या भागात ते तेल धरून ठेवणारा साबण आणि थोडी रसायनं. हा साबण अंघोळीचा नव्हे. तो लिथियम, कॅल्शियम अशा धातूंपासून बनवलेला असतो. त्याचे सूक्ष्म तंतू स्पंजासारखे तेल धरून ठेवतात आणि दाब आला, घर्षण झालं की थोडं थोडं सोडतात. पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो तो असा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ग्रीसचं दुसरं काम तितकंच मोलाचं आहे. ते धूळ, चिखल आणि पाणी बाहेर ठेवतं. भंडारा-गोंदियात किंवा कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर उतरला की पुढचे हब आणि किंग पिन चिखलात बुडतात. अशा वेळी रोज संध्याकाळी नवं ग्रीस भरायचं ते फक्त वंगणासाठी नसतं. आतलं गढूळ झालेलं ग्रीस बाहेर ढकलायचं असतं. सांध्याच्या कडेनं काळं ग्रीस निघून मग स्वच्छ ग्रीस दिसू लागलं की तिथलं काम झालं. म्हणूनच ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकांत कोरड्या कामासाठी आणि चिखलपाण्याच्या कामासाठी ग्रीसिंगचे तास वेगळे दिलेले असतात. चिखलाच्या कामात अनेक जागांना रोज ग्रीस लागतं.

ज्या लहानशा निपलमधून हे ग्रीस आत जातं, तिचा आजचा आकार शंभर वर्षांच्या आसपासचा आहे. त्याआधी सांध्यांवर ग्रीसच्या छोट्या वाट्या बसवत आणि त्यांची झाकणं पिळून ग्रीस आत ढकलत. ऑस्कर झर्क या ऑस्ट्रियात जन्मलेल्या संशोधकाला १९२९ मध्ये निपलचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि अमेरिकेत आजही निपलला त्याच्याच नावानं ओळखतात. गोल डोक्याची, आत स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी असलेली ही निपल. बाहेरून दाब आला की गोळी मागे सरते, दाब थांबला की ती तोंड बंद करते. निपल सरळ असो, ४५ अंशांत वळलेली असो की काटकोनात, डोक्याचा आकार तोच राहतो. त्यामुळे एकच नोझल ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर आणि जुन्या जीपलाही चालतं.

आधी हिशेब, मग खरेदी

एक कागद घ्या आणि ट्रॅक्टरभोवती फिरा. सेंटर पिन, दोन्ही बाजूंचे किंग पिन, टाय रॉडचे सांधे, क्लच आणि ब्रेक पेडलचे शाफ्ट, मागच्या लिफ्ट रॉडचा लेव्हलिंग बॉक्स. साध्या टू-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरवर मॉडेलनुसार साधारण दहा-पंधरा निपल भरतात. रोटाव्हेटर असेल तर पीटीओ शाफ्टचे दोन क्रॉस, त्याची सरकणारी नळी आणि रोटरचं बेअरिंग धरा. पल्टी नांगर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र, ट्रॉलीचं टर्नटेबल हे सगळं लिहून काढा. प्रत्येक निपलसमोर तीन गोष्टी नोंदवा: किती तासांनी ग्रीस लागतं, हात सहज पोचतो का, आणि निपल सरळ आहे की वाकडी.

घरच्या मोटारीबद्दल आधीच सांगितलेलं बरं. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉल जॉइंट आणि चाकांची बेअरिंग सीलबंद असतात. तिथे निपलच नसते, त्यामुळे केवळ कारसाठी ग्रीस गन घेण्यात अर्थ नाही. जुनी जीप, काही पिकअप आणि मालवाहू गाड्या यांच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, स्प्रिंगच्या शॅकलवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर मात्र निपल सापडतात.

आता मापाचं बघू. दांड्याचा हातपंप एका झटक्याला साधारण एक ग्रॅम ग्रीस देतो. ट्रॅक्टरच्या बहुतेक सांध्यांना एका वेळी दोन ते पाच ग्रॅम पुरतं. म्हणजे पंधरा निपलांचं ग्रीसिंग सुमारे पन्नास ग्रॅममध्ये होतं. गनच्या नळकांड्यात ४०० ग्रॅमच्या आसपास ग्रीस मावतं. याचा अर्थ एकदा भरलेली गन आठ वेळा तरी ट्रॅक्टरला पुरेल.

हा साधा हिशेब पाठ असला की दुकानातले बरेचसे दावे आपोआप जागेवर येतात. एका चार्जिंगमध्ये दहा-बारा नळकांडी रिकामी होतात, असं ऐकलं की विचारायचं: मला हंगामात तेवढी लागणार आहेत का? एकाच ट्रॅक्टरच्या घराला लहान, २ अँपिअर-तासाची बॅटरी भरपूर झाली. मोठ्या बॅटरीनं फक्त वजन आणि किंमत वाढते.

दाबाच्या आकड्याची भुरळ

मकिता, डीवॉल्ट, मिलवॉकी यांच्या १८ व्होल्टच्या गनवर १०,००० पीएसआय हा आकडा ठळक छापलेला असतो. बारमध्ये मोजला तर तो सुमारे ६९० होतो. कारच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, हे ध्यानात घेतलं की या दाबाची कल्पना येते. पण चांगला हातपंपही ६,००० ते १०,००० पीएसआयपर्यंत पोचतो. चालू स्थितीतल्या, स्वच्छ निपलला याच्या कितीतरी कमी दाबात ग्रीस जातं. मोठा दाब कामी येतो तो तुंबलेल्या सांध्यात. आणि तिथेही दाब वाढवत नेणं हा शेवटचा उपाय असावा.

निपल ग्रीस घेत नसेल तर आधी ती पान्यानं काढा, डिझेलमध्ये धुवा, गोळी हलते का बघा. चार पैशांची निपल खराब असेल तर नवी बसवा. तरीही ग्रीस जात नसेल, तर सांध्यावरचा भार कमी करा. पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू दिला की किंग पिनवरचं वजन हटतं, आणि एरवी घट्ट दाबून बसलेल्या बाजूलाही ग्रीस पोचायला जागा मिळते. जुने मिस्त्री चाक उचलून, हातानं डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस मारतात, त्यामागचं कारण हेच आहे.

दाबापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो वेग. डीवॉल्टची एक प्रचलित गन मिनिटाला सुमारे १५० मिलिलिटर ग्रीस देते, मकिताची २९० पर्यंत. आकडा मोठा तेवढं चांगलं, असं वाटतं. पण २९० मिलिलिटर म्हणजे साधारण २६० ग्रॅम, म्हणजे सेकंदाला चार ग्रॅमच्या वर. सांध्यात ग्रीसला विरोध झाला की हा वेग कमी होतो हे खरं. तरीही बटणावर बोट दोन-तीन सेकंद राहिलं, तर लहान बेअरिंगला गरजेच्या दुप्पट-तिप्पट ग्रीस जातं. किंग पिनला त्यानं काही बिघडत नाही, जादा ग्रीस कडेनं बाहेर येतं. सील असलेल्या बेअरिंगमध्ये मात्र त्याला वाट नसते. तिथे दाबानं सील उलटतं किंवा फाटतं, आणि मग त्याच फटीतून धूळ आत शिरते. जादा ग्रीसनं बेअरिंग गरमही होतं.

हातपंपाला एक मोठा गुण आहे. दांडा जड लागू लागला की सांधा भरत आलाय हे हाताला कळतं. बॅटरीची गन ही जाणीव हातातून काढून घेते, मोटर तिचं काम करत राहते. म्हणून गन निवडताना पहिला प्रश्न असावा: हिचा वेग कमी करता येतो का? काही गनना मंद आणि जलद असे दोन टप्पे असतात, काहींचा वेग बटण कमी-जास्त दाबून बदलतो. ट्रॅक्टरसाठी मंद टप्पा असलेली गन घ्यावी, आणि मोटरचा आवाज जड झाला की थांबायची सवय लावून घ्यावी. जादा दाब झाला तर तो सोडून देणारा व्हॉल्व्ह गनमध्ये आहे याचीही खात्री करावी.

घरी आणल्यावर एक चाचणी जरूर करा. मंद टप्प्यावर पाच सेकंद बटण दाबून निघालेलं ग्रीस कागदावर घ्या आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. आपली गन सेकंदाला किती ग्रॅम देते हे एकदा कळलं की प्रत्येक निपलला किती सेकंद द्यायचे ते तुमच्या कागदावर लिहिता येतं.

नोझल, होज आणि वजन

ग्रीसिंग करताना सर्वांत जास्त चिडचिड होते ती नोझलमुळे. ते नीट बसत नाही, ग्रीस सांध्यात जाण्याऐवजी निपलभोवती गोळा होतं. नाहीतर ते इतकं घट्ट बसतं की निघता निघत नाही. साध्या नोझलच्या आत तीन-चार पाकळ्यांसारखे जबडे असतात, ते निपलच्या मानेला पकडतात. जबडे झिजले की पकड जाते. त्याऐवजी खटका दाबून बसवायचं आणि खटका दाबूनच सोडवायचं लॉकवालं नोझल मिळतं. ते एकदा बसलं की हात मोकळा होतो, आणि आतला दाब अडकला असला तरी सुटतं. माझ्या मते बजेट अपुरं असेल तर बॅटरीची गन पुढच्या वर्षावर ढकलावी, पण लॉकवालं नोझल आजच आणून हातपंपाला लावावं. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

होज जितका लांब तितकं वाकणं कमी. बॅटरीच्या गनना साधारण एक मीटरच्या आसपासचा होज येतो, तो ट्रॅक्टरला पुरतो. होज गनच्या पूर्ण दाबाला टिकणाराच हवा आणि त्याच्या मुळाशी मोडण्यापासून वाचवणारी स्प्रिंग हवी. बदली होज घेताना बाजारात मिळेल तो स्वस्त होज लावणं धोक्याचं आहे.

बॅटरी आणि ग्रीससकट या गनचं वजन चार ते सहा किलोच्या घरात जातं. दुकानात भरलेली गन हातात धरून, वाकून, एका हातानं बटण दाबून पाहा. जमिनीवर उभी ठेवता येईल असं बूड असेल, खांद्याला अडकवायचा पट्टा असेल, तर त्याचा रोजच्या कामात फार उपयोग होतो.

ग्रीस भरायचं कसं

परदेशी जाहिरातींत ग्रीसचं तयार ४०० ग्रॅमचं कार्ट्रिज गनमध्ये सरकवलेलं दिसतं. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात ग्रीस मिळतं ते डब्यात किंवा बादलीत. म्हणून घेताना विचारा की ही गन सुट्या ग्रीसनं भरता येते का. बहुतेक गन दोन्ही प्रकारे भरता येतात. डोकं फिरवून काढायचं, नळकांड्याचं तोंड ग्रीसमध्ये बुडवायचं आणि मागचा दांडा ओढून ग्रीस वर खेचायचं. काही गनना बादलीवर बसणाऱ्या फिलर पंपानं भरण्यासाठी वेगळी निपल असते. ती सोय असेल तर ग्रीसला बाहेरची हवा आणि माती लागतच नाही.

सुट्या ग्रीसनं भरताना दोन शत्रू असतात. एक हवा. ग्रीसमध्ये पोकळी राहिली की मोटर फिरते पण ग्रीस येत नाही. त्यासाठी गनवर हवा काढायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो शोधून ठेवा. दुसरी धूळ. उघड्या बादलीत पडलेली माती ग्रीसबरोबर सांध्यात गेली, तर ते ग्रीस पॉलिश पेपरचं काम करतं. बादलीचं झाकण बंद, गनचं तोंड पुसलेलं आणि प्रत्येक निपल कापडानं साफ केलेली, या शिस्तीला कुठलंही महाग यंत्र पर्याय नाही.

ग्रीसचा दर्जाही गनशी जोडलेला आहे. ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय क्रमांकात सांगतात. २५ अंश तापमानाला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये किती रुततो यावर तो ठरतो: २ क्रमांकात २६.५ ते २९.५ मिलिमीटर, ३ क्रमांकात २२ ते २५. आपल्या बाजारातल्या एपी-३, एमपी-३ या नावांतला ३ बहुधा हाच. हबसाठी ते चांगलं, पण निफाडच्या थंडीत सकाळी सहाला ते गनमधून खेचायला जड जातं. माहितीपुस्तकात चालत असेल तिथे २ क्रमांकाचं लिथियम ग्रीस गनला सोपं पडतं. स्वस्त पिवळं चेसिस ग्रीस बहुधा कॅल्शियमचं असतं. ते पाण्याला टिकतं, पण शंभर अंशांच्या आसपास वितळतं. लिथियम ग्रीस वितळतं ते १८० अंशांच्या आसपास. त्यामुळे गरम होणाऱ्या हबमध्ये चेसिस ग्रीस भरू नये. वेगवेगळ्या साबणांची ग्रीस एकमेकांत मिसळली तर काही वेळा पातळ होऊन वाहून जातात, आणि नुसत्या रंगावरून त्यांचा प्रकार ओळखता येत नाही. एका गनला एकच ग्रीस, हा नियम पाळावा.

बॅटरी आणि दुरुस्ती

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट यांत खरं तर फरक नसतो. दोन्हींत लिथियमचे पाच सेल असतात. चार्ज होऊन भरले की प्रत्येकी साधारण चार व्होल्ट, म्हणून २०. चालताना सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणून १८. खरा प्रश्न असतो तो घरात आधीच कुठल्या कंपनीची ड्रिल किंवा ग्राइंडर आहे याचा. त्याच बॅटरीवर चालणारी गन नुसती, बॅटरीविना घेतली तर बरेच पैसे वाचतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका, आणि ४० अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करू नका. रात्री घरात चार्जिंगला लावणं उत्तम.

होज, नोझल आणि आतलं सील हे झिजणारे भाग आहेत. ते जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा. ऑनलाइन दिसणाऱ्या बिननावाच्या स्वस्त गनचे भाग पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.

हा धोका घरातल्या सगळ्यांना सांगा

ग्रीस गनच्या दाबानं ग्रीस कातडीतून आत शिरू शकतं. त्यासाठी शंभर पीएसआयदेखील पुरतात आणि गनमध्ये हजारो असतात. होजला बारीक छिद्र पडलं आणि ते बोटानं चाचपलं की घात होतो. हातमोजे यापासून वाचवत नाहीत. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र ग्रीस बोटाच्या नसांभोवती पसरत जातं आणि रक्तपुरवठा तोडतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. अशी टोच लागली तर चोळायचं नाही, वाट पाहायची नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी निघायचं आणि डॉक्टरांना ‘दाबानं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गन चालू असताना हात होजवर न ठेवता नोझलमागच्या पकडीवर ठेवावा, आणि मुलांच्या हाती ती बॅटरीसकट कधीही देऊ नये.

मग घ्यायची कुणी?

एक ट्रॅक्टर, एक-दोन अवजारं आणि मदतीला दुसरा माणूस असेल, तर चांगला हातपंप आणि लॉकवालं नोझल पुरे आहे. पंधरा निपलांना पन्नास झटके हे काही मोठं काम नाही. पण उसाच्या हंगामात रोज ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर भाड्यानं देणारं घर, जेसीबीसारखं यंत्र ज्याच्या बकेटच्या पिनांना रोज ग्रीस लागतं, किंवा खांदा-गुडघा दुखणारा आणि एकट्यानं सगळं करणारा शेतकरी, यांच्यासाठी बॅटरीची गन म्हणजे चैन राहत नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी किंवा शेतकरी गटानं मिळून एक घेतली तर ती वर्षभर हिंडती राहील.

तुम्हाला हातपंप पुरेसा आहे की नाही हे तुमचा कागद सांगेल. त्यावरच्या निपलांची संख्या आणि रोजचे ग्रॅम एकदा समोर आले की गन घ्यायची की नाही, घ्यायची तर केवढी, याचं उत्तर विक्रेत्याला विचारावं लागत नाही. तोच कागद मग शेडमध्ये भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक ग्रीसिंगनंतर तारीख आणि मीटरचे तास लिहा. पिन आणि बुश वाचतात ते ठरल्या तासाला पोचलेल्या ग्रीसमुळे. ते हातपंपानं गेलं की बॅटरीच्या गननं, याचा सांध्याला काहीच फरक पडत नाही.